खंडेनवमीला उघडलेलं खोकं

खोकं मुंबईच्या बंदरावरून कोपरगावपर्यंत ट्रकनं आलं आणि तिथून आमच्या कॉलनीपर्यंत उसाच्या रिकाम्या ट्रॉलीतून. साखर कारखान्याच्या स्टाफ क्वार्टरमध्ये राहायला येऊन आम्हाला तेव्हा महिनासुद्धा झाला नव्हता. चार गड्यांनी ते व्हरांड्यात उतरवलं तेव्हा अर्धी कॉलनी कुंपणापाशी जमली होती. माझ्या कमरेच्या वर येईल एवढं उंच, जाड फळ्यांचं, लोखंडी पट्ट्यांनी आवळलेलं. विलायतेत सात वर्षं काढून आलेल्या माणसांच्या खोक्यात काहीतरी जबरदस्त असणार, असं सगळ्यांना वाटत होतं. मला मात्र ते तसंच परत ट्रॉलीत चढवावंसं वाटत होतं.

शेजारची वहिनी सगळ्यांच्या आधी पायऱ्या चढून वर आली. तिचा नवरा कारखान्याच्या शेतकी खात्यात ओव्हरसिअर होता, माहेर घोडेगावचं. आम्ही आलो त्या दिवशी तिनंच पिठलं-भाकरी पाठवली होती, त्यामुळे वाटेल तो प्रश्न विचारायचा हक्क तिनं कमावलेला होता.

"काय हाय यात, ताई?"

"कपडे धुवायचं यंत्र."

तिनं खोक्याला एक फेरी मारली, फळीवर हात फिरवला. "यंतर कापडं धुनार. मंग तुमी काय करनार?"

ती चेष्टा करत होती, पण नेमका हाच प्रश्न मी विलायतेत सात वर्षं स्वतःला विचारत होते. तिथं आमच्या दोन खोल्यांत गॅसचा हीटर होता. भिंतीवरच्या पेटीत नाणं टाकलं की तो पेटायचा, आणि नाणं संपलं की ऐन थंडीत आपला आपण विझायचा. केर ओढणारं यंत्र होतं, ते घरमालकिणीचं. पुढे हे कपडे धुण्याचं आलं. एका बाजूला धुवायचं, मग ओले कपडे उचलून दुसऱ्या बाजूला पिळायला घालायचे. विकणारा माणूस म्हणाला होता, मॅडम, तुमचे आठवड्याचे कितीतरी तास वाचतील. वाचले ना. ते तास घेऊन मी खिडकीपाशी बसायचे आणि समोरच्या बाईचे वाचलेले तास तिच्या खिडकीत बसलेले बघायचे. सात वर्षांत आम्ही दोघी एकमेकींशी हवापाण्यापलीकडे बोललो नाही.

तेव्हापासून यंत्रांच्या बाबतीत माझा एक नियम ठरून गेला. मी हात लावला की चालावं आणि हात काढला की थांबावं, तेवढंच यंत्र माझ्या कामाचं. शिवणाचं मशीन या नियमात बसायचं. रॉकेलचा स्टो बसायचा, पंप मारला तर पेटतो, नाहीतर नाही. प्रेशर कुकर नियमाबाहेरचा, पण तो निदान शिट्टी मारून आपली बातमी देतो म्हणून त्याला मी घरात घेतलं. मिक्सर नाही म्हटलं. वाटण पाट्यावर. पाण्यात सोडायची विजेची सळई ह्यांनी हौसेनं आणली होती, ती मी माळ्यावर टाकली आणि अंघोळीच्या पाण्याला तांब्याचा बंब घेतला. कारखान्यावरून आणलेली उसाची चिपाडं त्यात घातली की घरभर गोडसर धूर व्हायचा. मनगटावरचं घड्याळसुद्धा मी काढून ठेवलं. कारखान्याचा भोंगा पाळीपाळीला होताच. कॉलनीतल्या बायकांना हे सगळं अगम्य होतं. त्या बिचाऱ्या गॅसच्या शेगडीसाठी नाव नोंदवून वाट बघत बसलेल्या, आणि ही विलायतेहून आलेली बाई बंबात चिपाडं कोंबते.

"लई शिकली की मानूस असंच व्हतं का वो?" वहिनीनं एकदा सरळच विचारलं.

"असंच होतं," मी म्हटलं. "तुम्ही शिकू नका."

ती पदराआड तोंड करून हसली, आणि मला सात वर्षांत पहिल्यांदा शेजार मिळाला असं वाटलं.

परत यायचं ठरवलं होतं ते ह्यांनी. आपल्या भागात कारखाने उभे राहतायत, त्यांना इंजिनिअर हवेत, आपण परक्यांची यंत्रं किती दिवस दुरुस्त करायची, असं सगळं बोलून झालं होतं. मुलगी सहा वर्षांची झाली होती, तिला मराठी शाळेत घालायचं तर हीच वेळ होती. फक्त एक गोष्ट ह्यांनी बोटीवर चढताना सांगितली. एक वर्ष बघू. जमलं तर ठीक, नाहीतर परत. मी मान हलवली. नगरला वाढलेल्या मुलीला नगर जिल्ह्यात न जमायला काय झालं, असं मला वाटत होतं.

ह्यांना जमतंय की नाही, हे मात्र कळायला मार्ग नव्हता. ह्यांचा स्वभाव मुळात कमी बोलण्याचा. आपण विचारलं तर "बघू" म्हणायचे आणि बुटांची नाडी सोडायला खाली वाकायचे. मग मी बोलण्याचा नाद सोडला आणि वस्तूंकडे बघायला लागले.

आल्या आल्या ह्यांनी एक फळी बनवली होती. आमच्या सगळ्या विलायती वस्तूंच्या वायरींना तिकडच्या चपट्या पिना, आणि क्वार्टरमधल्या भिंतींना इकडची गोल भोकं. दुसरा कुणी असता तर त्यानं चपट्या पिना कापून गोल बसवल्या असत्या. ह्यांनी तिकडून येताना चार सॉकेट आणली होती, ती फळीवर बसवली, फळीला गोल पिनांची एकच वायर जोडली आणि ती भिंतीत खोचली. दाढीचं यंत्र, रेडिओ, टेपरेकॉर्डर, टेबलावरचा दिवा, सगळं त्या फळीवर. कारखान्यातले लोक येऊन डोकं किती चाललंय म्हणून कौतुक करून गेले. मला ती फळी बघवत नव्हती. भिंतीतली एक वायर उपटली की आमचा संसार पाच मिनिटांत बोटीवर चढायला मोकळा होता.

आणि व्हरांड्यात ते खोकं, न उघडलेलं. मुलगी त्याच्यावर पाटी ठेवून अभ्यास करायची. वहिनी येता जाता त्याच्यावर पापड, कुरडया वाळत घालायची. ह्यांना उघडायला सांगितलं की म्हणायचे, "कुठं राहायचं ते ठरू दे, मग उघडू. एकदा उघडलं की पुन्हा तसं बांधता येत नाही."

झालं. माझ्या डोक्यात हिशेब पक्का बसला. खोकं उघडलं तर राहिलो, बंद राहिलं तर गेलो. आता हे इंजिनिअरच्या बायकोनं करायचं गणित आहे का? पण मी केलं खरं, आणि त्याच्यावर माझा दिवस चढायचा आणि उतरायचा.

जूनमध्ये कारखान्याच्या शाळेतून विचारणा आली, इंग्रजी शिकवायला याल का. माझं मन उडी मारून उठलं. हो म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं, कारण अर्ध्या वर्षात गाशा गुंडाळायचा असेल तर मुलांना कशाला लावायचं? हेडमास्तरांना मी आठवडाभरात सांगते म्हटलं. ते आठवडे पुढे ढकलत दसऱ्यापर्यंत आले. दर वेळी रस्त्यात दिसले की मी दुकानात शिरायचे.

ते बहात्तर साल होतं. जून गेला, जुलै गेला, आभाळ कोरडंच. गोदावरीच्या पात्रात लोक वाळू उकरून पाणी काढायला लागले. कॉलनीच्या नळाला सकाळी अर्धा तास पाणी यायचं, तेही करंगळीएवढं. कालव्याचं पाणी कमी झालं तसा ऊस जागच्या जागी वाळायला लागला. लोक उभा ऊस तोडून जनावरांना घालत होते. घोडेगावच्या बाजारात बैल मातीमोल जातायत, असं वहिनीचा भाऊ सांगून गेला, तेही तोंड पाडून. ऑक्टोबरात गळीत हंगाम सुरू व्हायचा, पण गाळायला ऊस कुठून आणणार, हे कुणीच सांगत नव्हतं.

कारखान्यातली यंत्रं साफ करून, तेल घालून तयार होती. ह्यांना करायला काही उरलं नव्हतं. तरी रोज वेळेवर जायचे आणि चालू न होणाऱ्या यंत्रांभोवती फिरून यायचे. घरी आले की व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या. मी आत येरझाऱ्या घालत होते. फडताळ या भिंतीवरून त्या भिंतीला, पलंग खिडकीकडे, मग परत दाराकडे. माझा पायच घरात ठरत नव्हता. मुलगी एकदा वैतागून म्हणाली, "आई, लई हलवाहलवी करतीस तू." शाळेत चार महिन्यांत तिनं ही भाषा उचलली होती. तिचं रुजणं मला त्या एका "लई"मध्ये दिसलं, आणि मी ठरवलं, आता पुरे.

"ते खोकं उघडा," मी ह्यांना म्हटलं.

ह्यांनी रेडिओचा आवाज कमी केला. "तुला ते यंत्र कधीपासून हवं झालं? तिकडे तर ओझं म्हणायचीस."

"अजूनही म्हणते. पण उघडा."

"नळाला पाणी नाही. धुणार कशानं?"

"नाही धुणार. नुसतं आत आणून ठेवा."

"अगं, पण कशासाठी?"

कशासाठी ते मला सांगता आलं असतं. आपण राहणार का, एवढेच तीन शब्द होते. पण उत्तर "नाही" आलं तर काय, या धास्तीनं ते तोंडातून निघेनात. मी म्हटलं, "व्हरांडा अडलाय," आणि स्वयंपाकघरात जाऊन कारण नसताना पातेली घासली. यंत्रांवर काडीचा भरवसा नसलेली बाई एका यंत्रासाठी नवऱ्याशी भांडत होती. वहिनीला सांगितलं असतं तर तिनं पोट धरलं असतं.

नवरात्र बसलं. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुजतात. ज्याच्या त्याच्या पोटापाण्याचं जे हत्यार असेल ते घासूनपुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडूचं फूल ठेवायचं, आणि त्या दिवशी ते वापरायचं नाही. शेतकऱ्याकडे कोयते, कुऱ्हाडी, नांगराचा फाळ. कारखान्यात तर पान्यापासून बॉयलरपर्यंत सगळ्यांना हार. त्या वर्षी बाजारात झेंडू महाग आणि मरतुकडा होता, तरी प्रत्येकानं आणला.

वहिनी सकाळीच डोकावली. मी पाटावर शिवणाचं मशीन, कात्री आणि विळी मांडली होती. तिनं पाटाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हे समदं तुमचं झालं. सायबांचं काय ठेवलंय?"

"त्यांची कारखान्यात पूजा आहे."

"ती कारखान्याची. घरात बी गड्याचं काय तरी ठेवावं लागतंय. ते खोक्यातलं यंतर न्हाई व्हय? कवाधरनं कोंडून घातलंय. सनाच्या दिवशी तरी सोडा."

ती दारातूनच मोठ्यानं बोलली, आणि माझ्या मागे हे टॉवेल खांद्यावर टाकून उभे होते. मी मान वर केली नाही. आता "बघू" म्हणतील, एवढंच मनात. हे आत गेले, हत्यारांची पेटी घेऊन बाहेर आले आणि पहार लावून खोक्याची पहिली फळी उचकटली.

माझा जीव भांड्यात पडला, असं म्हणणं कमीच आहे. मी पदर खोचला आणि खिळे गोळा करायला धावले. आतून कागद निघाले, भुसा निघाला आणि शेवटी ते यंत्र, पांढरं, दोन झाकणांचं, जसं तिकडे बांधलं होतं तसं. ह्यांनी आणि वहिनीच्या नवऱ्यानं ते उचलून मधल्या खोलीत ठेवलं. मग ह्यांनी पक्कड घेतली, यंत्राच्या वायरीची चपटी पिन कापून टाकली आणि कोपरगावाहून आणलेली गोल पिन बसवली. ती कधी आणली होती, मला माहीतसुद्धा नव्हतं. नंतर रेडिओची कापली. टेपरेकॉर्डरची कापली. दिव्याचीही. फळीवरून एकेक वायर निघत गेली तसं मला रडू यायला लागलं. मी डोळे पुसायचं कारण म्हणून हळदकुंकवाचं तबक आणायला आत गेले. यंत्राला मी कुंकवाची पाच बोटं ओढली, झाकणावर फूल ठेवलं आणि मनापासून हात जोडले. ज्या वस्तूचा मी सात वर्षं राग केला, तिच्यापुढे मी त्या सकाळी डोकं टेकवलं.

दुपारी पुरणाचं जेवण झालं. मुलगी वहिनीकडे खेळायला गेली. मी मनातल्या मनात हेडमास्तरांना काय सांगायचं ते जुळवत होते. तेवढ्यात ह्यांनी मला मधल्या खोलीत बोलावलं.

"बस. हे कसं चालवायचं ते नीट समजून घे. तिकडचा नळ वेगळा होता, इथं बादलीनं पाणी घालावं लागेल. पाणी या खुणेच्या वर जाऊ द्यायचं नाही."

"आज चालवायचं नसतं."

"चालवत नाही. दाखवतोय नुसतं."

दाखवलं. मग मला मेन स्विचपाशी नेलं. फ्यूज उडाला तर मेन आधी बंद करायचा, मग हा चिनी मातीचा तुकडा ओढून काढायचा, त्यात ही तार, एवढ्या जाडीची, दुसरी कुठली घालायची नाही. तारेचं रीळ त्यांनी माझ्या हातात दिलं. मग रेडिओ, त्याच्या मागचं कोणतं बटण हलवायचं नाही ते. मग माळ्यावरची पाण्याची सळई काढून तीही पुसून दाखवली. "चिपाडं नाही मिळाली तर लागेल. या वर्षी मिळणार नाहीत."

मला हसू आलं. "मला कशाला सांगताय हे सगळं? तुम्ही आहात ना घरात इंजिनिअर."

त्यांनी सळई खाली ठेवली. "जानेवारीत मी परत जातोय."

मला वाटलं, आम्ही जातोय म्हणायचं असेल. मी खोलीभर कापून पडलेल्या पिनांकडे बघितलं. "मग हे का उघडलंत? परत कसं बांधणार?"

"हे न्यायचं नाही. हे तुम्हा दोघींना. तू इथं रुळलीस, ती रुळलीय. मला दिसतं ते. तुम्हाला ओढून न्यायचा मला काय अधिकार? माझी तिथली जागा त्यांनी राखून ठेवलीय. इथं कारखाना या वर्षी चालेल असं मला वाटत नाही, आणि चालला तरी... इथं माझा जीव रमत नाही. मी प्रयत्न केला. खरंच केला."

मला भयंकर राग आला. त्यांचा आला, आणि त्यांच्याइतकाच त्या पांढऱ्या धोंड्याचा, ज्याला मी सकाळीच कुंकू लावलं होतं. इतके महिने मी एका खोक्याच्या फळ्या वाचत बसले होते आणि शेजारी बसलेला माणूस कुढत होता.

"कधी ठरवलंत?"

"गणपतीत."

"आणि मला आज सांगताय."

"तू कधी विचारलं नाहीस."

"विचारलं असतं तर 'बघू' म्हणाला असतात."

यावर त्यांनी मान खाली घातली, म्हणजे ते खरं होतं. मी त्यांना थांबा म्हटलं नाही. म्हणावंसं वाटलं, फार वाटलं, पण त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच वस्तूंकडे न बघता नीट बघत होते, आणि तो माणूस खरोखर दमला होता. मीही येते, असंही म्हटलं नाही. ती खिडकी, तो हीटर, समोरची ती बाई, आणि आमची मुलगी तिच्या "लई"सकट पुन्हा त्या दोन खोल्यांत. ते माझ्याच्यानं होणार नव्हतं. हे मला आत्ता, उभ्या उभ्या कळलं, आणि त्यांना ते माझ्याआधी कळलेलं होतं, याचंही दुःख झालं.

दुसऱ्या दिवशी दसरा. संध्याकाळी कॉलनीतली माणसं आपट्याची पानं घेऊन घरोघरी जात होती. पाऊस नसल्यानं पानंही खुरटी होती, बोटाच्या पेराएवढी. हे पांढरा सदरा घालून ओव्हरसिअरांना भेटायला गेले होते. वहिनी नवं लुगडं नेसून आली, मला वाकून नमस्कार करायला लागली, मी तिला धरून उभी केली. तिची नजर मधल्या खोलीत गेली. यंत्रावरचं कुंकू तसंच होतं, फूल सुकलं होतं, भिंतीत गोल पिन खोचलेली होती. फळी तिथं नव्हती.

तिचा चेहरा असा खुलला की मला तिच्याकडे बघवेना. "म्हंजी आता सायेब हितंच ऱ्हानार म्हना की. मला घोर लागला हुता, ताई. तुमी जाताय का काय असं वाटायचं."

तिनं माझ्या हातावर सोनं ठेवलं आणि उत्तरासाठी थांबली. बाहेर मुलगी पोरींना ओरडून सांगत होती की आमच्याकडं लई मोठं यंत्र हाय.

"आम्ही दोघी कुठंच जात नाही," मी म्हटलं आणि तिला सोनं दिलं.